वहीवरचा कर गेला, कागदावरचा वाढला

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्या आठवड्यात आपल्यासकट सगळ्याच दैनिकांनी वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाल्याची बातमी ठळक छापली. खरीच होती ती. वहीवर १२ टक्के कर होता, तो शून्य झाला. पण त्याच यादीत जरा खाली छपाईचा कागद १२ वरून १८ टक्क्यांवर गेला होता. ही ओळ मला एकाही बातमीत दिसली नाही. ती मला कागदवाल्याच्या बिलावर दिसली.

शुक्रवार पेठेत आमचा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केला. आता एक मिनी ऑफसेट, एक जुनं दोन रंगांचं मशीन, कटिंग मशीन आणि माझ्यासकट सहा माणसं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळा-क्लासच्या वह्या, टॉवेलवाल्यांचे खोके, चटणीची लेबलं, निवडणुकीत हँडबिलं, डिसेंबरात कॅलेंडरं. सोलापुरात असे लहान छापखाने गल्लोगल्ली आहेत. आम्ही कुणी कंपनी नाही. आमच्याकडं कायदा बघणारं वेगळं खातं नसतं. आमचं खातं म्हणजे महिन्यातून एकदा येणारे सीए साहेब आणि रोज सकाळी येणारं तुमचं वर्तमानपत्र. म्हणून हे पत्र तुम्हाला: नियम बदलले की ते धंदा करणाऱ्यालाही समजावून सांगा.

त्याच आठवड्यात शिकवणी चालवणारे एक सर दुकानात आले. दरवर्षी आपल्या क्लासचं नाव कव्हरवर टाकून वह्या करून घेतात. हातात पेपर होता. म्हणाले, "काय ओ काका, कर गेला की वहीवरचा! मग भाव तोच कसा?" त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. तुमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या मनात हाच प्रश्न असणार, म्हणून इथंही सांगतो.

पूर्वी वहीवर १२ टक्के कर मी गिऱ्हाईकाकडून घ्यायचो आणि कागद, शाई, प्लेट, कव्हरचा आर्ट कार्ड, लॅमिनेशन यांवर भरलेला कर त्यातून वळता करून घ्यायचो. आता वही करमुक्त. म्हणजे वळता करायला समोर काही उरलंच नाही. वहीच्या आतल्या साध्या कागदावरही शून्य ठेवलंय, ते बरं केलं. पण कव्हरच्या कार्डावर १८, शाईवर १८, प्लेटवर १८, लॅमिनेशनच्या फिल्मवर १८. हा सगळा कर आता मालाच्या किमतीत मुरतो. वही स्वस्त होते, नाही असं नाही, पण शेकडा बारा उतरत नाही. सरांना वाटलं मधले पैसे मी खातोय. त्यांचा दोष नाही, बातमीत तेवढंच आलं होतं.

आणखी एक. २१ तारखेच्या रात्री माझ्याकडं १२ टक्के कर भरून आणलेला वहीचा कागद पडून होता, त्याचं क्रेडिट (म्हणजे भरलेला कर वळता करून घेणं) मी आधीच घेतलेलं. माल करमुक्त झाला की शिल्लक साठ्यावरचं क्रेडिट परत करावं लागतं, असा नियम आहे. गिऱ्हाईकाला सूट, सरकारला परतफेड, आणि मधे मी.

आता कागदाची गंमत बघा. ५८ जीएसएम वजनाचा तोच क्रीमवोव्ह, म्हणजे वहीचा साधा कागद, त्याच गिरणीचा, त्याच गठ्ठ्यातला. वहीसाठी घेतला तर शून्य. पावतीपुस्तकासाठी घेतला तर १८. पुस्तकासाठी घेतला तरी १८. कागदवाला आता "हा कागद वह्यांसाठीच वापरणार" असं सहीशिक्क्यानिशी लिहून मागतो. देतो आम्ही लिहून. पण वह्यांची ऑर्डर पुरी होऊन चार रिम उरले, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मंडळाचं पावतीपुस्तक आलं, तर ते रिम वेगळे बांधून ठेवायचे आणि नवा कागद १८ टक्क्यांनी आणायचा. आमच्या माळ्यावर आता रिमांवर खडूने 'वही' आणि 'इतर' असं लिहिलेलं असतं. माझा बाईंडर म्हणतो, मालक, कागदाची पण जात काढली काय.

तयार मालाचंही तेच. रेघा मारून शिवली की वही, कर शून्य. तिलाच नंबर टाकून पर्फोरेशन (पान फाडायला भोकांची रेघ) मारलं की पावतीपुस्तक, १८. लेटरहेडचं पॅड १८. लग्नपत्रिका, कॅलेंडर, हँडबिल १८. ही १ ऑक्टोबर २०२१ पासून, त्याआधी १२ होती. प्रयोगवही शून्य. मुलांची चित्रं रंगवायची पुस्तकं तर आधीपासूनच शून्य. याशिवाय कागद कुणाचा, यावर वेगळाच हिशेब. गिऱ्हाईकाने स्वतःचा कागद आणून दिला आणि मी नुसतं छापून दिलं तर ते जॉबवर्क, त्याचा दर निराळा. मजकूर त्याचा, कागद माझा असेल तर पुस्तक, माहितीपत्रक, वार्षिक अहवाल यांची छपाई म्हणजे सेवा. आणि तसाच छापलेला लिफाफा किंवा खोका म्हणजे वस्तू. हे जीएसटीच्या २० ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मशीन तेच, शाई तीच, चालवणारा मामा तोच. बिल करताना मात्र मला आधी ठरवावं लागतं की आज मी विकतोय की सेवा करतोय.

पुस्तकांचं दुखणं मला जास्त लागतं, कारण आमच्याकडं अजून कविता छापायला माणसं येतात. छापील पुस्तकावर कर नाही, पूर्वीही नव्हता. म्हणजे पुस्तक काढणाऱ्याला कागदावर भरलेला कर कुठंच वळता करता येत नाही. एक लाखाच्या कागदावर पूर्वी बारा हजार जायचे, आता अठरा हजार जातात. वरचे सहा हजार सरळ पुस्तकाच्या किमतीत. निवृत्त मास्तर स्वतःच्या फंडातून पाचशे प्रतींचा संग्रह काढतात, त्यांना हे सांगताना मला लाज वाटते. वहीला कागद शून्य दराने देता येतो, तर पुस्तकाला का नाही, याचं उत्तर मला अजून कुठं वाचायला मिळालेलं नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ३ ऑक्टोबर २०२४ ला, तेव्हा आम्हीच पेठेत पेढे वाटले होते. वर्ष व्हायच्या आत मराठी पुस्तकाचा कागद महाग झाला आणि त्यावर साधा अग्रलेखही माझ्या नजरेला पडला नाही.

खोक्यांचं उलटं झालं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ऑक्टोबर २०२१ पासून १८, जुलै २०२४ पासून १२, आता ५. चार वर्षांत तीन दर. पण खोक्याचा बोर्ड, म्हणजे कच्चा पुठ्ठा, १८ टक्क्यांचा. भरतो १८, घेतो ५, फरकाचं क्रेडिट पोर्टलवर साचत राहतं. परतावा मिळतो, कायद्यात तशी सोय आहे. पण अर्ज, तक्ते, सीएंची फी आणि तोवर अडकलेलं भांडवल, हे सगळं आमच्यासारख्याला झेपायला हवं. मोठा कारखाना सहा महिने थांबतो. मला शनिवारी पगार वाटायचा असतो.

याच खोक्यांवरून सप्टेंबरात एका टॉवेलवाल्याशी माझं चांगलंच वाजलं. नाव घेत नाही, जुनं गिऱ्हाईक आहे. माल १९ तारखेला त्यांच्या गोडाऊनला पोचवला, बिल त्याच दिवशीचं, १२ टक्क्यांनी. २३ ला फोन. "पेपरात पाच टक्के आलंय. बिल बदलून द्या." मी सांगितलं, माल जाणं, बिल होणं आणि पैसे येणं या तीन तारखांपैकी दोन ज्या बाजूला पडतात, तो दर लागतो. माल १९ ला गेला, बिल १९ चं, दोन्ही जुन्या बाजूला. तुम्ही पैसे दिवाळीत दिलेत तरी दर १२ च. ते म्हणाले, मग बिलाची तारीख पुढची टाका. तसं करता येत नाही, माल दाराबाहेर पडतानाच बिल निघायला लागतं. आणि गंमत अशी की त्यांना त्या १२ टक्क्यांचं क्रेडिट मिळणारच होतं. एक पैसा जास्त जात नव्हता. पण "पेपरात आलंय" यापुढं माझ्यासारख्याचं काय चालणार? शेवटी त्यांच्या सीएंनी समजूत काढली, तीही महिन्याने. तेवढा महिना माझं पेमेंट अडकलं.

पेमेंटवरून आठवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात वजा दाखवता येत नाही. आयकर कायद्याच्या कलम ४३ ब मधली ही पोटतरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, पण हिशेब २०२३-२४ च्या खर्चापासूनच. छापखान्याने उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केलेली असेल तर त्यालाही ती लागू. ४५ दिवसांची अट तर लहान उद्योगांच्या २००६ च्या कायद्यापासून आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याजासकट. कागदावर इतकं भक्कम संरक्षण क्वचितच कुणाला असेल. सोलापुरात व्यवहार कसा चालतो ते आपण जाणताच: "दिवाळीला बघू की ओ." मार्च २०२४ मध्ये काही पेमेंट खरंच वेळेआधी आली, मला घरातल्यांना सांगितल्यावरही खरं वाटेना. आणि त्याच महिन्यात दुसऱ्या एका गिऱ्हाईकाने निरोप पाठवला, उद्यम नोंदणी काढून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी लेबलं दुसरीकडून घेऊ. मी नोंदणी काढली नाही. लेबलं दुसरीकडं गेली. आपल्या व्यापार पानावर शेअर बाजाराचे भाव रोज असतात, सोनं-चांदी रोज असते. ही तरतूद काय, कुणाला लागू, दाद कुठं मागायची, हे एकदा चौकटीत आलं असतं तर पेठेतल्या किती जणांना बोलायला बळ मिळालं असतं!

आता दुसरी बाजू. कराशिवायचे नियमही आमच्याच दाराशी येऊन पडतात, कारण जे काही छापलं जातं त्याच्या खाली नाव आमचं असतं. महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. निवडणूक लागली की रात्री दहाला शटर ओढताना कार्यकर्ते पेनड्राइव्ह घेऊन येतात. "काका, सकाळी सहाला पाच हजार पाहिजेत. आणि खाली मुद्रक-बिद्रक काही नको, जागा कमी पडायलीय." लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ त्यांच्या गावीही नसतं. विधानसभा-लोकसभेच्या कुठल्याही पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. छापून घेणाऱ्याने सही करून प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात, आणि छापून झाल्यावर प्रती प्रतिज्ञापत्रासकट जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवायच्या. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रकात काय लिहिलंय ते पाठवणाऱ्याचं; पण नाव न टाकता छापलं तर आत मीही जातो. २०२४ च्या विधानसभेला मी दाराला पाटीच लावली होती: "दोन साक्षीदार आणल्याशिवाय निवडणुकीचं काम घेतलं जाणार नाही." निम्मी कामं परत गेली. ती कुठं छापली गेली, ते शहराला ठाऊक आहे. महापालिकेलाही पाटी तीच होती. आपण उमेदवारांच्या याद्या छापता, प्रचाराच्या बातम्या छापता. पत्रक छापून घेताना काय कागद लागतात, हे दोन परिच्छेदांत सांगितलंत तर माझे रात्रीचे वाद वाचतील.

फ्लेक्सचंही तसंच. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. माझा पुतण्या फ्लेक्सचं काम करतो. त्याच्याकडं येणाऱ्यांपैकी मायक्रॉन विचारणारा एकही नसतो, फुटाचा भाव मात्र पाठ असतो.

खाद्यपदार्थांच्या लेबलांचा तर वेगळा अंक निघेल. शेंगा चटणी आणि कडक भाकरी आता पाकिटातून पार पुण्या-मुंबईला जाते. घरगुती बचतगटाच्या ताई येतात, सुंदर रंग निवडतात, आणि परवान्याचा चौदा आकडी क्रमांक विचारला की म्हणतात, तो नंतर टाकू. नंतर कसा टाकणार? प्लेट झालेली असते. सप्टेंबरात फरसाणवरचा कर १२ चा ५ झाला, तेव्हा एका फरसाणवाल्याने छापून ठेवलेली जुन्या भावाची पाकिटं रद्दीत द्यायला काढली होती. भाव दुरुस्त करून जुनं पॅकिंग ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरायची मुभा केंद्राने दिली होती, हे त्याला मी सांगितलं. मला कुणी सांगितलं? दुसऱ्या शहरातल्या एका छापखानेवाल्याने, व्हॉट्सॲपवर. म्हणजे एका माणसाची हजारो पाकिटं वाचली ती फॉरवर्ड मेसेजमुळं. हे चांगलं की वाईट, मला कळत नाही. त्याच ग्रुपवर आदल्या दिवशी "सगळ्या छपाईवर आता २८ टक्के" असाही मेसेज फिरत होता, आणि तो धादांत खोटा होता.

खुद्द आपल्या धंद्याचा कायदा बदलला तोही किती जणांना कळला? १८६७ चा छापखान्यांचा आणि पुस्तक-नोंदणीचा कायदा गेला, त्याजागी नियतकालिकांसाठीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पूर्वी छापखाना ठेवायचा म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढं डिक्लेरेशन. वडिलांचं डिक्लेरेशन अजून आमच्या गल्ल्याच्या वर फ्रेममध्ये आहे, तांबूस पडलेलं, कोपऱ्यात तिकीट. आता नियतकालिक छापणाऱ्याने ऑनलाइन कळवायचं, आणि पुस्तकं तर त्या कायद्यातून वगळलीच. हा बदल चांगला आहे. इंग्रजांनी १८५७ नंतर छापखान्यांवर नजर ठेवायला केलेला कायदा जायलाच हवा होता. पण साप्ताहिक काढणारे दोघे मागच्या पावसाळ्यातही माझ्याकडं डिक्लेरेशनचा जुना फॉर्म मागत होते.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी कारखाना ठरायला पूर्वी दहा कामगार लागायचे, आता वीस. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचं. माझा मशीनमन बावीस वर्षं माझ्याकडं आहे, त्याला कधी पत्र दिलं नव्हतं, आता दिलं. त्याने घरी नेऊन बायकोला दाखवलं म्हणे. पण पगाराच्या व्याख्येवरून पेठेत जेवढी डोकी तेवढी मतं आहेत.

या सगळ्यात माझी मागणी एकच आहे. दर बदलले की आपण घेणाऱ्याला काय स्वस्त, काय महाग ते सांगता. करणाऱ्याला काय लागू झालं, कधीपासून, आणि हातातल्या ऑर्डरचं काय करायचं, तेही सांगा. जीएसटी परिषदेची बैठक ३ सप्टेंबरला झाली, अधिसूचना १७ ला निघाली, दर २२ ला लागू. अधिसूचना इंग्रजी आणि हिंदीत. त्या पाच दिवसांत सोलापुरातल्या छापखानेवाल्याने ती शोधायची, वाचायची, समजून घ्यायची आणि संगणकातले दर बदलायचे, तेही नवरात्राच्या कामाच्या तोंडावर. आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, अर्धा कॉलम पुरे. आज छापखाना, पुढच्या वेळी यंत्रमाग, मग बेकरी, मग विडी. शहरात सीए कमी नाहीत, करसल्लागार कमी नाहीत, त्यांतला कुणीही आनंदाने लिहील. पुस्तकाच्या कागदाचा प्रश्न मात्र तुम्हीच अग्रलेखातून मांडा, तो आमच्या आवाक्यातला नाही.

सदर सुरू करणार असाल तर मार्चच्या आत करा. एप्रिलपासून शाळांच्या वह्यांच्या ऑर्डरी नक्की व्हायला लागतात आणि तेव्हा क्लासवाले सर पुन्हा पेपर घेऊन येणार. पहिल्या मजकुराचं प्रूफ बघायला मी आणि पेठेतले दोघं-तिघं छापखानेवाले बसायला तयार आहोत. 

आपला नियमित वाचक,
एक छापखानेवाला
शुक्रवार पेठ, सोलापूर